जुन्या कागदावरचा वेसकर

नवीन नियमांचं पुस्तक आलं तेव्हा महिनाभर मी ते उघडलंच नाही. चांगला चाललेला खेळ मोडून नव्याने मांडायची या लोकांना दर दहा वर्षांनी हुक्की येते, आणि आमच्यासारख्यांनी मुकाट्याने मान डोलवायची. मी मुलुंडला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढतो. महापालिकेने बदललेले नियम पाळण्यातच माझे सहा दिवस जातात. निदान रविवारी तरी सुटका हवी की नको?

रविवार म्हणजे नाहूरचं माझं घर, जेवणाचं टेबल, दुपारी दोन ते सहा. आम्ही चौघं तिथे एक गोष्ट खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. घाव बसला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सांगायचं काम माझं. वाटेत जी भुतंखेतं आणि जनावरं भेटतात त्या प्रत्येकाचा एक कागद असतो. ताकद किती, बुद्धी किती, किती घाव सोसतो आणि त्याला मारलं तर किती गुण मिळतात, सगळं त्यावर आकड्यांत. गुण साठले की मारणारा एक पायरी वर चढतो. परदेशी ड्रॅगन मला कधीच रुचले नाहीत. विसाव्या वर्षी मी हट्टाने आपली भुतं या खेळात बसवली. हडळ, गिऱ्हा, चकवा, मुंजा, खवीस. असे साठ कागद मी स्वतः लिहिले, आणि त्यांचा मला अभिमान होता. ‘होता’ असंच लिहायला हवं.

खेळणारे तिघं. माधुरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, मांत्रिक तिची. विकी लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि खेळात चोर असतो. आणि आकाश. आकाश साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासतो. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नाही. घाटकोपरहून सोळा वर्षं तो दर रविवारी आला. वडिलांचं बायपास झालं तो एक रविवार सोडला तर एकही चुकवला नाही. बोलतो कमी. माझ्यासारख्या बडबड्याला असाच मित्र परवडतो.

साठ कागद नव्या नियमांत बसवायचे, हे शेवटी त्यानेच मनावर घेतलं. “तू कुरकुर कर, मी आकडे काढतो,” म्हणाला. खेळाआधी तासभर लवकर यायचा, पेन्सिल, रबर आणि स्वतःचा कॅल्क्युलेटर घेऊन. जुना कागद डावीकडे, नवा उजवीकडे. हडळीचे घाव वाढले, खवीस थोडा नरम झाला, चकव्याला नव्याने गणित मांडावं लागलं. आकाशने सगळं असं बसवलं की मलाही नावं ठेवता येईनात.

नव्या नियमांत सगळ्यात मोठा बदल स्वभावाचा होता. जुन्या खेळात जन्मावरूनच सगळं ठरायचं. अमुक कुळात जन्मला की तो दुष्ट, त्याची बुद्धी कमी, विषय संपला. नवं पुस्तक म्हणतं की जन्मावरून स्वभाव लिहायचा नाही. प्रत्येकाच्या कागदावर दोन ओळी वाढवायच्या: हा कुठून आला आणि याला काय हवंय. मी पोट धरून हसलो होतो. भुतांनाही आता मानसशास्त्र! आकाश हसला नाही. “बरोबर आहे ते,” एवढंच म्हणाला आणि मुंजाच्या कागदावर लिहिलं, याला लग्न हवंय.

एकोणसाठ कागद झाले. साठावा त्याने कोरा परत दिला.

“हा राहिला की रे,” मी म्हणालो.

“तो तू कर.”

“का? एवढे केलेस, आता एकात आळस? उद्या म्हणशील खेळ पण तूच खेळ.”

माझी जीभ अशीच आहे. आकाशने पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर पिशवीत टाकले. त्या दिवशी तो पूर्ण खेळ खेळला, जाताना नेहमीसारखा चपला शोधत दारात उभा राहिला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर “काम आहे” म्हणाला, आणि सोळा वर्षांत त्याला रविवारी कधी काम नव्हतं.

मला राग आला आणि त्याखाली भीती वाटली. चाळिशीनंतर माणसाला नवे मित्र मिळत नाहीत. ऑफिसात ओळखी होतात, सोसायटीत नमस्कार होतात. हा एक गेला तर त्या टेबलावर मी कुणासाठी गोष्ट सांगणार होतो? खरं सांगायचं तर ती सगळी वर्षं मी आकाशच्या चेहऱ्याकडे बघूनच गोष्ट सांगत आलो.

तिसऱ्या रविवारी खेळ रद्द केला आणि तो साठावा कागद घेऊन बसलो. वेसकर. माझा आवडता राक्षस, कारण तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. लहानपणी माझी वसुधाआत्या रात्री जेवायला नखरे केले की म्हणायची, “बाहेर वेसकर उभा आहे हं, घेऊन जाईल.” त्याचं वर्णन तिनेच केलेलं: गावाच्या वेशीपाशी उभा असतो, खांद्यावर काळी घोंगडी, हातात घुंगरांची काठी. अंधारात घुंगरू वाजले की समजायचं. तो शिवला तर आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही. मुलुंडमध्ये वाढलेल्या मला वेस म्हणजे काय हेच नीट ठाऊक नव्हतं. मला ते झकास भूत वाटलं. विसाव्या वर्षी मी लिहिलं: स्वभाव दुष्ट, जन्मतः. बुद्धी पाच. उष्टं खातो. ज्याला शिवेल त्याची सगळी शक्ती जाते, वाहत्या पाण्यात आंघोळ केल्यावरच परत येते.

हा कुठून आला, याला काय हवंय. पेन हातात घेऊन अर्धा तास बसलो, एक शब्द सुचेना. शेवटी बोरिवलीला वसुधाआत्याला फोन लावला. ती आता एकोणऐंशीची आहे, पण कान शाबूत आहेत.

“आत्या, वेसकर म्हणजे कसलं गं भूत? मेलेला माणूस की आधीपासूनच भूत?”

ती खळखळून हसली. “भूत कसलं आलंय, खुळ्या! वेसकर म्हणजे आपल्या गावचा महार. वेस राखायचं काम त्यांच्याकडे. रात्रभर जागा राहायचा बिचारा. सकाळी दारात येऊन उभा राहायचा, आई वरून भाकरी टाकायची.”

“आणि शिवला की आंघोळ?”

“तेव्हा होतं तसं सगळं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तू का विचारतोयस?”

मी काहीतरी सांगून फोन ठेवला. कागद समोर होता आणि मला तो हातात धरवेना. आकाशच्या घरी हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याखाली बुद्धाची पितळी मूर्ती. मी तिथे शंभर वेळा जेवलोय. जातपात मानत नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटत आलोय. आणि त्याच माणसाला मी सोळा वर्षं वेशीवरच्या वेसकरांवर तलवार चालवायला लावत होतो.

मग ती एक दुपार आठवली. बरीच वर्षं झाली. खेळात वेसकराने आकाशच्या योद्ध्याला हात लावला होता. विकी ओरडला, “शिवला रे शिवला! जा, आंघोळ करून ये, तोवर बसू नकोस आमच्यात!” माधुरी हसली, मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आकाशही हसला होता. उठून बाथरूममध्ये गेला, तोंडावर पाणी मारून आला, आणि आम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या. तो आत किती वेळ होता, हे मला आता काही केल्या आठवत नव्हतं.

शरम वाटली की माणसाने माफी मागावी. मी काय केलं? मी कागद सुधारला. रात्र नाही की दिवस नाही, दोन दिवस खपून नवा वेसकर तयार केला. बुद्धी अठरा. स्वभाव धर्मरक्षक. काठीच्या घुंगरांनी शत्रूची सेना बहिरी होते. घोंगडीवर अस्त्र चालत नाही. त्याचा हात लागला की जखमा भरतात. साठांमधला सगळ्यात बलवान. कागदाचा फोटो काढून आकाशला पाठवला, खाली लिहिलं, “बघ, कसा वाटतो?” दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी घाटकोपरला त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. सीतारामकाका रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, मूळचे माण तालुक्यातले. “या, या! बरेच दिवस दिसला नाहीत. फासे टाकायचं बंद पडलं का?” म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं हे कळलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना. चहा झाला. ते बुद्धविहारात मीटिंगला गेल्यावर आकाशने पंख्याचं बटण दाबलं आणि माझ्यासमोर बसला.

“आत्याला विचारलं मी,” मी म्हणालो. “आत्ता कळलं मला. तुला माहितेय आकाश, मी असलं काही मानत नाही. आमच्या घरी पण—”

“माहितेय.”

“मग तो नवीन कागद बघितलास ना? सगळं बदललंय.”

“बघितला.” त्याने मोबाइल पालथा ठेवला. “आधी राक्षस केलास, आता देव करतोयस. माझ्या वडिलांचे आजोबा वेसकर होते, निहार. धोंडिराम नाव. त्यांच्या हाताने कुणाच्या जखमा भरत नव्हत्या. त्यांचेच पाय फुटलेले असायचे. मामलेदाराचं टपाल घेऊन बारा कोस चालायचे, आणि परत येऊन वेशीवर उभे.”

“मग मी काय करू सांग. काढून टाकू? एकोणसाठच ठेवू?”

“हां, काढून टाक. म्हणजे झालंच नाही काही.”

माझा आवाज चढला. “अरे मग करू तरी काय? सोळा वर्षांत एकदा तरी बोलायचंस ना! मी काय अंतर्यामी आहे?”

हे बोललो आणि लगेच जीभ चावली. आकाश चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “उद्या येतो. पण खेळ मी सांगणार. तू खेळायचंस. तू वेसकर घे. तुझा जुना कागद, एक आकडा बदलायचा नाही.”

मला हायसं वाटलं. येतोय ना, बस. माणूस किती पटकन सुटका मानतो.

रविवारी दोनला तो आला आणि माझ्या खुर्चीत बसला. माधुरीला आणि विकीला एवढंच सांगितलं की आज आकाश गोष्ट सांगेल आणि निहार कोण आहे ते कळेलच. विकी खूश झाला. “गोष्ट सांगणाऱ्यालाच धुवायचा चान्स, सोडतो काय!” आकाशने घडी केलेली एक चिठ्ठी माझ्यासमोर सरकवली. “तुझा आजचा दिवस. मनात वाच.”

त्याच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं. पहाटे गावात मयत झाली म्हणून शेजारच्या तीन गावांत निरोप द्यायला गेलास. दुपारी पाटलाचा पाहुणा पुढच्या गावाला पोचवलास. पाणी मागितलंस ते वरून ओंजळीत ओतलं. संध्याकाळी सहा घरं मागितलीस. आता अंधार पडलाय. गावात दरोडेखोर शिरणार अशी कुणकुण आहे, म्हणून आज बसायचं नाही. दोघं अनोळखी येताना दिसली तर त्यांना थांबव आणि सांग, पुढचा ओढा भरलाय, उतरू नका.

“संध्याकाळ झालीय,” आकाश सांगू लागला. माझ्यासारखे हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. “तुम्ही दिवसभर चालून एका गावापाशी आलात. वेस दिसतेय. तिथे कुणीतरी उभं आहे. खांद्यावर घोंगडी. काठीचे घुंगरू वाजले.”

“वेसकर!” विकीने टेबलावर थाप मारली. “अरे, आल्या आल्या फुकटचे गुण!”

“लांबून मारते,” माधुरी म्हणाली. “शिवला तर परत आंघोळीची कटकट.” तिने फासा उचललाही होता.

“थांबा,” मी म्हणालो. “मला काहीतरी सांगायचंय यांना. पुढे ओढा—”

“कागद बघ,” आकाश म्हणाला.

मी बघितलं. अगदी खालच्या ओळीत, माझ्या विसाव्या वर्षीच्या गोल गोल अक्षरात होतं: भाषा, नाही. फक्त गुरगुरतो.

हे मी कधी लिहिलं, का लिहिलं, काही आठवेना. बहुतेक जागा भरायची म्हणून. मी आकाशकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, शांतपणे, एखादा सुटा भाग उजेडात धरून बघावा तसा. मी तोंड मिटलं. काय करायचं सुचेना म्हणून काठी हलवतो म्हणालो. थांबा अशी खूण करतो.

“हल्ला करतोय!” विकी ओरडला.

माधुरीचा फासा सतरावर पडला. आग लागली घोंगडीला. विकीने मागून सुरा मारला. दोन घावांत मी संपलो. मी आकडेच तेवढे दिले होते, पटकन मरावा म्हणून. त्या दोघांची काही चूक नव्हती. वेसकर दिसला की मारायचा, हे मीच शिकवलं होतं.

“झोळीत काय आहे?” विकीने विचारलं. मेलेल्याची झडती घ्यायची पद्धतच आहे खेळात. दर वेळी मी म्हणायचो, “उष्टं! अजून काय असणार?” आणि सगळे हसायचे.

“त्यालाच विचार,” आकाश म्हणाला. “चिठ्ठी उलट, निहार. मोठ्याने वाच.”

मी चिठ्ठी उलटली.

“भाकरी,” मी वाचलं. “सहा घरच्या, सगळ्या अर्ध्या. एक बायको वाट बघतेय. मोठी शकु, आठ वर्षांची. मधला कुंडलिक. आणि एक तान्हं, ज्याचं नाव अजून ठेवलेलं नाही. वेसकराचं नाव धोंडिराम.”

माधुरीने फासा खाली ठेवला. “हे काय आहे?” तिने विचारलं, आधी मला आणि मग आकाशला. उत्तर देणं माझंच काम होतं. मी सांगितलं त्यांना सगळं. वेसकर कोण असतो, माझ्या आत्याने काय सांगितलं, धोंडिराम कुणाचे कोण. काही मागेपुढे केलं नाही, स्वतःला सांभाळून घेतलं नाही. विकी मान खाली घालून नखाने टेबल खरवडत राहिला. माधुरी म्हणाली, “आपण तेव्हा त्याला तोंड धुवायला पाठवलं होतं,” आणि ओठ दाबून धरले.

मी रडलो. चार माणसांत, दिवसाउजेडी, हमसून. नाक पुसायला कागदच हाताशी होता, आणि तोही मी बाजूला सारला.

“चुकलं माझं, आकाश,” मी म्हणालो. दोन कागद लिहिले, एकदा त्याच्या घरी जाऊन आलो, आणि हे दोन शब्द आत्ता कुठे तोंडातून निघाले. “मला माहीतच नव्हतं रे.”

“तुला नव्हतं,” आकाश म्हणाला.

त्याने स्वतःच्या योद्ध्याचा कागद पिशवीतून काढला. सोळा वर्षांचा. कडा चिकटपट्टीने जोडलेल्या, वरच्या कोपऱ्यात पायरी चौदा. तो त्याने टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

“मला होतं,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवसापासून. तुम्ही मला खेळायला घेतलं होतं ना, म्हणून गप्प बसलो. एक्केचाळीस मारलेत मी. मोजलेत. ही चौदावी पायरी त्यांच्यावरच चढलोय.”

त्याने पेन्सिल काढली, चौदा खोडून तिथे एक लिहिला, आणि मग खालचा एकेक आकडा खोडायला लागला. खूप वेळ लागला त्याला. आम्ही तिघं तिथेच बसून होतो.